चंद्राच्या आठ कला आणि आठ विधी: सगळं करायलाच हवं का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते कळेल. विचारणारी मराठी आहे, कामानिमित्त लीड्सला राहते, आणि वर्षभरापासून विक्का या आधुनिक पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व देवदेवतांना आणि निसर्गाला मानणाऱ्या, धर्माबद्दल वाचते आहे. तिने चंद्राच्या आठ कलांचा एक तक्ता छापून भिंतीवर लावला आहे. प्रत्येक कलेला वेगळा विधी, वेगळ्या रंगाची मेणबत्ती, वेगळा खडा. दोन महिन्यांत ती थकली. त्यात इंग्लंडचं ढगाळ आकाश आणि मध्येच हुकलेली एक अमावास्या. आता ती विचारते, खंड पडला म्हणजे सगळं वाया गेलं का? पुण्याहून आई बजावते की अवसेला नवीन काही सुरू करू नये, आणि पुस्तक सांगतं की संकल्प नव्या चंद्रालाच करा. यात खरं कुणाचं? आणि हे एकटीने चालतं, की कोव्हन, म्हणजे एकत्र विधी करणारा साधकांचा छोटा गट, हवाच?

पहिलं काम, तो तक्ता भिंतीवरून उतरवा. त्यात काही वाईट आहे म्हणून नव्हे. तो वरच्या इयत्तेचा आहे, आणि खरं तर कुठल्याच इयत्तेला सक्तीचा नाही. आठ कलांचे आठ विधी असा नियम एकाही जुन्या पेगन परंपरेत मला आढळलेला नाही. महिन्यात दोन वेळा पुरतात: एक पौर्णिमा, आणि एक अंधाराची रात्र किंवा तिच्यानंतरची पहिली कोर. बाकी सगळी पुढे हौसेने घातलेली भर.

ती भर कशी पडत गेली हे कळलं की मनावरचं ओझं उतरतं. विक्का म्हणून आपण जे ओळखतो ते जगासमोर आलं जेराल्ड गार्डनरमुळे. इंग्लंडातला 1735 चा चेटूकविरोधी कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि त्यानंतर हा माणूस उघडपणे लिहू-बोलू लागला. 1953 मध्ये डोरीन व्हॅलिएंट त्याच्याकडे दीक्षित झाली. विक्काच्या विधींतली आज ऐकू येणारी कितीतरी सुंदर भाषा तिची आहे. देवीच्या मुखातून येणारं जे आवाहन आपण पौर्णिमेला म्हणतो, त्यात अपेक्षा एवढीच आहे की महिन्यातून एकदा जमा, आणि शक्यतो चंद्र पूर्ण असताना. हा भाग चार्ल्स लेलँड या अमेरिकन लेखकाने 1899 मध्ये इटलीतल्या टस्कनीच्या जादूविषयी जे प्रसिद्ध केलं त्यातून आला. म्हणजे मूळ मागणी महिन्याला एका रात्रीची. 'शक्यतो' हा शब्दही आवाहनातच आहे, तो विसरू नका.

कुमारी, माता आणि वृद्धा ही चंद्राची तीन रूपं तर आणखी अलीकडची. तीन-तीनच्या देवी प्राचीन काळी होत्या, पण वाढता, पूर्ण आणि घटता चंद्र म्हणजे स्त्रीच्या आयुष्याच्या तीन अवस्था ही मांडणी लोकप्रिय केली कवी रॉबर्ट ग्रेव्ह्जने, 1948 मध्ये. तेरा झाडांचे तेरा महिने असलेलं जे 'केल्टिक वृक्षपंचांग' तुम्हाला जागोजागी दिसेल, तेही त्याच्याच डोक्यातून निघालं. ब्रिस्टलचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी हा सगळा इतिहास धागा-धागा उलगडून दाखवला, तेव्हा काही जुन्या मंडळींना ते लागलं. मला वाटतं, लागायचं काही कारण नव्हतं. सत्तर-ऐंशी वर्षांचा विधीही मनापासून केला तर काम करतो. फक्त तो पाच हजार वर्षं जुना आहे असं सांगत सुटू नये.

आता अमावास्येचा गोंधळ. इथे तुम्हाला इंग्रज साधकांपेक्षा एक मोठी सोय आहे, ती म्हणजे पंचांग. ॲपमध्ये 'न्यू मून' म्हणून जी वेळ दिसते तो चंद्र-सूर्य युतीचा क्षण, म्हणजे आपल्याकडे अमावास्या तिथी जिथे संपते तो बिंदू. त्या वेळी आकाशात काहीही दिसत नाही. कोर दिसते ती साधारण एक-दोन दिवसांनी. आपल्या पंचांगात प्रतिपदेला किंवा द्वितीयेला 'चंद्रदर्शन' छापलेलं असतं, तीच ही. पेगन पुस्तकांत काही लेखक पहिल्याला नवा चंद्र म्हणतात आणि काही दुसऱ्याला, म्हणून वाचणारा चक्रावतो. तुमच्या वहीत अमावास्या आणि चंद्रदर्शन अशा दोन वेगळ्या नोंदी करा, भांडण मिटेल.

प्राचीन अथेन्समध्ये हा फरक अगदी स्पष्ट होता. महिना संपताना, अंधाराच्या रात्री, हेकाटी देवीसाठी रस्ते मिळतात तिथे जेवण ठेवायचं, घरातला केरकचरा आणि मागच्या महिन्याचं जे काही किल्मिष असेल ते बाहेर काढायचं. ते जेवण गोरगरीब उचलून नेत, यावर ॲरिस्टोफेनीस या ग्रीक नाटककाराने विनोदही केला आहे. दुसरा दिवस नव्या महिन्याचा: घरच्या देवांना धूप, माळा, शुभकामना. ग्रीक देवांची उपासना करणारे आजचे पेगन हीच जोडी पाळतात. आता आईचं वाक्य पुन्हा ऐका. अवसेला नवीन काही सुरू करू नये. हे तर अथेन्सच्या रीतीला धरूनच झालं! अंधाराची रात्र आवरण्याची, टाकून देण्याची, गेलेल्यांना आठवण्याची. संकल्प कोर दिसल्यावर. माझा स्वतःचा पाठ असाच आहे, आणि मला वाटतं यात तुम्हाला आई आणि पुस्तक यांतलं कुणीही सोडावं लागत नाही. फक्त अमावास्या म्हणजे भीतीची रात्र एवढं मनातून काढा. पेगन साधनेत ती विश्रांतीची रात्र आहे. आणि आपल्याकडेही दिव्यांची पूजा अवसेलाच होते, लक्ष्मीपूजनही.

हेकाटीवरून एक सावधगिरीची सूचना. तिचं स्थान म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, कोकणी माणसाच्या भाषेत तिठा. लीड्समध्ये तुम्ही रस्त्याच्या कडेला लसणाच्या पाकळ्या आणि अंडं ठेवलंत तर फार तर कोल्हा खाऊन जाईल. सुट्टीत घरी गेलात आणि अवसेच्या रात्री तिठ्यावर हेच केलंत, तर सकाळी वाडीत उतारा कुणी टाकला याची चौकशी सुरू होईल आणि कुणाच्या तरी घरी झोप उडेल. दुसऱ्याच्या मनात भीती पेरून कसली आलीय उपासना. तिकडे असताना घरातच, उंबऱ्याच्या आत, बशीत ठेवा आणि नंतर झाडाच्या मुळाशी घाला.

पौर्णिमेबद्दल सविस्तर सांगते, कारण तोच गाभा आहे.

कोव्हनमध्ये पौर्णिमेच्या बैठकीला एस्बाट म्हणतात. क्रम साधारण असा: जागा स्वच्छ करायची, वर्तुळ आखायचं, चार दिशांना आवाहन, मग चंद्रावाहन. यात प्रमुख पुजारिणीच्या ठायी देवीला बोलावलं जातं आणि ती देवीच्या वतीने बोलते. अंगात येणं आपण पाहिलेलं असतं, त्यामुळे मराठी माणसाला हे फारसं परकं वाटत नाही, पण इथे ते बहुतेक वेळा शांत असतं. ओरडा नाही, घुमणं नाही. त्यानंतर काही काम असेल तर ते, मग केक आणि वाइन, आणि शेवटी दिशांना निरोप देऊन वर्तुळ मोडायचं. चंद्र खाली ओढण्याची कल्पना मात्र फार जुनी. ग्रीसमधल्या थेसली प्रांताच्या चेटकिणी हे करतात असा ग्रीकांचा समज होता. इ. स. पू. 423 मधल्या एका नाटकात, पुन्हा ॲरिस्टोफेनीसच, कर्जात बुडालेला एक म्हातारा युक्ती काढतो की अशी एखादी थेसलीची बाई विकत घ्यावी, तिच्याकडून चंद्र उतरवून डब्यात बंद करावा. चंद्र उगवलाच नाही तर महिना संपणार नाही, आणि महिना संपला नाही तर व्याज कसलं द्यायचं! गृहकर्जाचे हप्ते भरताना मला हा म्हातारा हमखास आठवतो.

एकटीने करताना यातलं निम्मंही लागत नाही. चंद्र दिसेल अशा खिडकीशी किंवा बागेत उभ्या राहा. एका भांड्यात पाणी घ्या आणि त्यात चंद्राचं प्रतिबिंब पडतंय का बघा. पडलं तर त्याकडे बघत श्वास संथ होऊ द्या. देवीचं नाव तुमच्या परंपरेतलं घ्या, नाव ठरलं नसेल तर नुसतं 'आई' म्हणा. महिन्यात काय पूर्ण झालं ते मोठ्याने सांगा. मोठ्याने हा भाग महत्त्वाचा, मनातल्या मनात म्हटलं की आपण निम्म्यात दुसरीकडे जातो. मग त्या पाण्याचं किंवा दुधाचं अर्घ्य जमिनीला द्या, काहीतरी खा. वीस मिनिटांत होतं. मंत्र मराठीत म्हणा. इंग्रजीतच म्हटलं पाहिजे असं मानणारे काही भेटतील, त्यांच्याशी वाद घालू नका आणि त्यांचं ऐकूही नका.

पौर्णिमेचा क्षण दुपारी तीनला आला तर कुठली रात्र धरायची, हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. पौर्णिमेच्या आधीच्या किंवा नंतरच्या रात्री चंद्राचा 99 टक्क्यांच्या आसपास भाग उजळलेला असतो. डोळ्याला फरक कळत नाही. मी त्या क्षणाच्या जवळची, आणि आकाश मोकळं असेल ती रात्र घेते. संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळची चतुर्थी धरतात, कोजागरीला मध्यरात्रीची पौर्णिमा. म्हणजे व्रत जसं असेल तशी वेळ धरायची, हे आपल्या शास्त्रकारांनीही मानलंच आहे. पण पुण्याहून आणलेल्या कॅलेंडरातला चंद्रोदय लीड्सला वापरू नका. अमावास्या-पौर्णिमेचा क्षण सगळ्या जगाला एकच असतो. त्यातून उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास वजा केले की तुमची वेळ मिळते. चंद्रोदय मात्र जागेनुसार बदलतो, तो स्थानिकच बघावा लागतो.

आणि इथला चंद्र खरोखर वेगळा वागतो. जूनमधली पौर्णिमा लीड्सला मध्यरात्र उलटून चंद्र माथ्यावर यायच्या वेळीही क्षितिजापासून दहा-पंधरा अंशांच्या आसपासच राहते. समोर घरांची रांग असली तर दिसतही नाही. आणि तो उगवतो रात्री नऊ-दहाला. डिसेंबरची पौर्णिमा याच्या उलट: दुपारी चारच्या आसपास उगवते, रात्री डोक्यावर येते, कामावरून परतताना सहज दर्शन होतं. म्हणून माझे मोठे विधी हिवाळ्यात असतात आणि उन्हाळ्यात मी टेकडीवर जाऊन नुसती बसते. कोरेचंही तसंच. मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी ती उंचावर, आपल्याकडच्यासारखी होडीच्या आकारात दिसते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये क्षितिजाला इतकी चिकटून असते की तृतीया-चतुर्थी उजाडेपर्यंत सापडत नाही. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर कॅलनिशची शिळावर्तुळं आहेत. तिथे 18.6 वर्षांच्या आवर्तनात एका टप्प्यावर चंद्र दक्षिणेच्या डोंगररांगेला घासत जाताना दिसतो. हे कुठल्या तक्त्यात बसवणार? तक्ता सांगतो आज शुक्ल पक्षाची अष्टमी, अमुक रंग वापरा. आकाश सांगतं की आज दुपारी एकच्या सुमाराला चंद्र उगवला आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळेल. मी आकाशाचं ऐकते.

म्हणूनच नव्याने शिकणाऱ्यांना मी पहिला महिना एकही विधी करू देत नाही. रोज चंद्र शोधायचा, एवढंच. कुठे आहे, किती वाजता, कुठली बाजू उजळलेली, तुम्हाला कसं वाटतंय, झोप कशी लागली. एका ओळीची नोंद. तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, अष्टमीला दिवसाढवळ्या दिसतो, वद्य पक्षात पहाटे दूध आणायला गेल्यावर भेटतो, हे शरीराला कळायला साधारण साडेएकोणतीस दिवसांची एक फेरी जावी लागते. ढग असले तर 'ढग' लिहा. इंग्लंडात वहीची बरीच पानं अशीच भरतात. ढगाआड चंद्र असतोच, विधी तेवढ्यासाठी अडत नाही.

वाढत्या चंद्रात वाढवायचं आणि घटत्या चंद्रात सोडायचं, हा नियम मी पाळते, पण बेताने. नव्या सवयी, शिकणं, नातं जोडणं शुक्ल पक्षात. घर आवरणं, जुनी वैरं आणि उधाऱ्या मिटवणं, व्यसन सोडण्याचा निश्चय वद्य पक्षात. याने महिन्याला एक लय येते आणि एका वेळी एकच प्रकारचं काम हातात राहतं, हाच मला दिसलेला खरा फायदा. पण नोकरीच्या अर्जाची मुदत वद्य नवमीला संपत असेल तर अर्ज त्याच दिवशी भरा. डॉक्टरची वेळ, व्हिसाची मुलाखत, शस्त्रक्रिया यांना चंद्र लावू नका. आणि मासिक पाळी चंद्राशी जुळली पाहिजे असं कुणी सांगितलं तर मनाला लावून घेऊ नका. एकवीस ते पस्तीस दिवसांचं चक्र निरोगी मानतात, मग सगळ्यांचं साडेएकोणतीसवर येणार कसं? ज्यांना पाळी येतच नाही त्यांचीही साधना उणी नसते.

चंद्रांच्या नावांबद्दल एक तक्रार नोंदवतेच. वुल्फ मून, स्ट्रॉबेरी मून वगैरे नावं 'प्राचीन पेगन' म्हणून फिरतात. ती मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या आणि तिथे वसलेल्या युरोपियनांच्या वापरातून, शेतकऱ्यांसाठीच्या अमेरिकन वार्षिकांमार्फत पसरली. महिन्यातल्या दुसऱ्या पौर्णिमेला ब्लू मून म्हणणं तर 1946 मध्ये एका खगोलविषयक मासिकातल्या चुकीतून रूढ झालं. इंग्लंडातलीच नावं हवी असतील तर बीड या भिक्षूने इ. स. 725 मध्ये जुन्या इंग्रज लोकांचे महिने नोंदवून ठेवले आहेत. ऑक्टोबरच्या सुमाराचा विंटरफिलेथ म्हणजे ज्या पौर्णिमेपासून हिवाळा धरायचा तो महिना. वर्षाला तेरा एस्बाट असतात हेही सरसकट खरं नाही. बहुतेक वर्षांत पौर्णिमा बाराच येतात, तेरावी दोन-तीन वर्षांनी. अधिकमास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. गॉल लोकांचीही, म्हणजे प्राचीन फ्रान्समधल्या केल्टांचीही, अशीच सोय होती. फ्रान्समध्ये कोलिन्यी इथे 1897 मध्ये सापडलेल्या कांस्य पत्र्यावरच्या पंचांगात अधिकमास आहेत, आणि प्रत्येक महिन्याचे दोन भाग पाडले आहेत, आपल्या पक्षांसारखे. त्यांचा महिना कुठल्या कलेला सुरू होई यावर विद्वानांचा वाद चालू आहे. प्लिनी हा रोमन लेखक म्हणतो की त्यांचे ड्रुइड, म्हणजे पुरोहित, महिना चंद्राच्या सहाव्या दिवशी धरत. लिऑनच्या संग्रहालयात ते पत्रे ठेवले आहेत, कधी गेलात तर चुकवू नका.

राहिला खंड पडण्याचा प्रश्न. हे नवस बोललेलं व्रत नाही, त्यामुळे उद्यापन नाही आणि भंगही नाही. अमावास्या हुकली तर पुढची कोर बघा. प्रायश्चित्त म्हणून दुप्पट मेणबत्त्या लावायच्या नाहीत. (भाड्याच्या घरात तर मुळीच नको, धुराचा अलार्म वाजला की देवी बाजूला राहते आणि घरमालक येतो.)

आणि कोव्हन. एकटीने पूर्ण साधना होते, असंख्य जण तशीच करतात. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 74,000 लोकांनी आपला धर्म पेगन लिहिला आणि 13,000 जणांनी विक्का. त्यातले किती कोव्हनमध्ये असतील? थोडेच. पण चंद्रावाहन दुसऱ्याकडून पाहायचं असेल, सोबत हवी असेल, तर पेगन फेडरेशन ही संस्था 1971 पासून आहे, आणि बऱ्याच शहरांत पबमध्ये किंवा कॅफेत महिन्याच्या गप्पांच्या बैठका भरतात. तिथून सुरुवात करा. थेट कुणाच्या घरच्या विधीला जाऊ नका. गार्डनेरियन आणि अलेक्झांड्रियन या विक्काच्या दीक्षा देणाऱ्या शाखा, त्यांच्या परंपरेत दीक्षेचे पैसे घेत नाहीत. खोलीचं भाडं किंवा खाण्यापिण्याची वर्गणी ठीक आहे, पण दीक्षेची फी सांगितली तर तिथून उठा. वस्त्रांशिवाय विधी ही त्या परंपरेतली जुनी रीत आहे आणि सगळीकडे पाळली जात नाही. पहिल्याच भेटीत त्याचा आग्रह धरणारा, किंवा घरच्यांपासून लपव म्हणणारा गट असेल तर तिथूनही उठा. चांगला कोव्हन नव्या माणसाला घ्यायला स्वतःच वेळ लावतो, पुष्कळदा वर्ष आणि वर एक दिवस. तोवर तुमची वही चालू असू द्या. दारात उभं राहिल्यावर ते तुम्हाला बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतील: आज चंद्र कुठे आहे?